सर्वपक्षीय एकमत : नवशिक्यांसाठी

तिजोरीत खडखडाट आहे, दारात दुष्काळ आहे, आणि सभागृहात सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत. अशा वेळी सर्व पक्षांचा होकार हवा असेल तर दुष्काळ मोठा निवडावा. 1972चा उत्तम होता. मे 1973पर्यंत 50 लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर आली होती. सत्ताधारी असो की विरोधक, ज्याच्या त्याच्या मतदारसंघात खडीचे ढीग.

मग माणूस बघा. मुख्यमंत्री नको, त्याने काहीही मांडलं तरी समोरच्यांना डाव वाटतो. विधान परिषदेचे सभापती चालतील. वि. स. पागे 1960 ते 1978 त्या खुर्चीवर होते. दुसऱ्यांना बोलू देणं हेच सभापतींचं काम, त्यामुळे कोणता आमदार कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ. शिवाय रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यात राबवून पाहिलेली. रीगलजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये (आता तिथे पोलीस महासंचालक बसतात) तासगावचा दाखला दिला की 'हे कागदावर ठीक आहे' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतात.

कल्पना तीन शब्दांत बसवा : मागेल त्याला काम. विरोध करायचा तर उभं राहून 'मागेल त्याला काम देऊ नका' म्हणावं लागेल. पुढच्या निवडणुकीत पडायची हौस कुणाला असते?

नवशिके चुकतात ते इथे. ते सगळ्यांना एकाच कारणाने पटवायला जातात. तसं करू नका. डाव्यांशी आणि समाजवाद्यांशी कामाच्या हक्काबद्दल बोला. बागायतदार आमदार मजुरी वाढेल म्हणून कुरकुरेल, त्याला शिवाराजवळचा पाझर तलाव आणि पक्का रस्ता दाखवा. राहिला मुंबईकर. शीव स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की धारावी, पूर्वेला पगारदारांच्या सोसायट्या. पूर्वेकडच्यांना हळूच सांगा, गावात काम मिळालं की माणूस गाडी धरून इकडे येणार नाही. ऐकायला बरं नाही, पण पटतं. या तिन्ही कारणांची आपसात गाठ पडणार नाही एवढं सांभाळा.

आता पैसा. वाहनांवर, विक्रीवर, बागायत जमिनीवर थोडं थोडं लावा आणि नोकरदाराकडे 1975चा व्यवसाय कर घेऊन जा. जितकं जमेल तितकीच भर सरकारनेही घालायची, म्हणजे 'आमच्याच खिशाला का?' याला उत्तर तयार. आज पगाराची स्लिप काढलीत तर पी.टी.समोर बहुतेकांना 200 रुपये दिसतील, फेब्रुवारीत 300. सगळ्यात तोकड्या महिन्यात कर मोठा का? 11 महिन्यांचे 2200 आणि हे 300 मिळून बरोबर 2500. घटनेच्या कलम 276ने वर्षाला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे, आणि सरकारने तिची एक पैही सोडलेली नाही. शीवचा नोकरदार प्राप्तिकरावर तासभर तावातावाने बोलतो, या 200 रुपयांवर अवाक्षर काढत नाही. कर बसवावा तो असा.

घाई मात्र नको. योजना निघाली तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक. कर लागू झाला तेव्हा शंकरराव चव्हाण. मधे आणीबाणी येऊन गेली. 1977मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने मंजूर केला तेव्हा वसंतदादा. 26 जानेवारी 1979ला तो अमलात आला तेव्हा शरद पवार, ज्यांनी सहाच महिन्यांपूर्वी वसंतदादांचं सरकार पाडलं होतं. सरकार पडलं, कायद्याला हात लागला नाही. एकमत पिकलं की नाही ते असं ओळखावं.

मसुद्यात एक कलम दातांचं ठेवा : 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. रक्कम इतकी लहान ठेवा की अर्थखात्याला घाम फुटू नये. 2005मध्ये दिल्लीने ही कल्पना उचलली आणि घरामागे वर्षाला 100 दिवसांची मर्यादा घातली. आपल्याकडच्या कायद्यात दिवस मोजलेले नव्हते.

रोजगार हमीच्या नावाने जमलेला पैसा रोजगार हमीवर पुरता खर्च होत नाही, ही तक्रार जुनी आहे. नवशिक्यांनी तूर्त त्यात पडू नये. तो भाग पुढच्या इयत्तेला आहे.