पाहुणे फार झाले

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश पडला : ‘चला, महाराष्ट्राचं एव्हरेस्ट सर करू या! कळसूबाई नाइट ट्रेक. शिखरावरून सूर्योदय आणि चौफेर सह्याद्रीदर्शन. चहा, नाश्ता व प्रमाणपत्रासह.’ मी अडकलो तो शेवटच्या शब्दात. शाळा सुटल्यापासून मला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. यापुढे मिळायचा तो थेट पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला. मध्ये एखादं पदरात पडत असेल तर का सोडा?

आता कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आणि एव्हरेस्टची ८,८४९. म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. पण पुणं जर पूर्वेचं ऑक्सफर्ड असू शकतं आणि इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर, तर या डोंगरानंच कुणाचं घोडं मारलंय? आपल्याकडे कुठलीही गोष्ट दुसऱ्या कशासारखी तरी असल्याशिवाय थोर ठरत नाही.

शनिवारी रात्री कसाऱ्याची लोकल, तिथून जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून घोटी, आणि मग अकोले तालुक्यातलं बारी. पायथ्याच्या या गावात रात्री दोन वाजता दादर स्टेशनाइतकी जाग होती. रात्रीच का चढायचं, असं मी विचारलं. ‘सूर्योदय पाहायला,’ ट्रेक लीडर म्हणाला. महिना ऑगस्टचा. ऑगस्टात कळसूबाईवर सूर्य उगवतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो ढगांच्या वर उगवतो आणि वरच्या वरच निघून जातो.

चढ खडा आहे. डोक्याला लावलेल्या टॉर्चचा उजेड हातभर पडतो आणि त्या हातभरात पुढच्या माणसाच्या पोटऱ्या येतात. साडेतीन तास मी जे सह्याद्रीदर्शन घेतलं ते हेच. आमच्या मागे एका तरुणाच्या सॅकला स्पीकर लटकत होता आणि त्यातून लग्नाच्या वरातीतली गाणी वाजत होती. हा सगळा परिसर १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ही बातमी प्राण्यांपर्यंत पोचली असावी, कारण एकही प्राणी तिथे थांबलेला दिसला नाही. स्पीकरपर्यंत ती अजून यायची आहे.

वाटेत कातळाला जखडलेल्या लोखंडी शिड्या लागतात. शिडीपाशी रांग होती. मुंबईकराला रांग दिसली की घरी आल्यासारखं वाटतं, त्यामुळे आम्ही निमूट उभे राहिलो. अर्ध्या शिडीवर एक ताई थांबून मागे वळली होती. खाली उभा असलेला तिचा मित्र मोबाइल धरून ओरडत होता, ‘हसून चढ! दमल्यासारखी चढू नकोस!’ ती तीन वेळा तेवढ्याच चार पायऱ्या न दमल्यासारखी चढली. तोवर आम्ही दीडशे माणसं उभ्या उभ्या दमलो.

शिखराच्या अलीकडे सपाटी आहे, विहीर आहे आणि पावसात ताडपत्रीखाली चूल पेटलेली आहे. तिथल्या मावशींकडे चहा घेतला. दूध, पीठ, बेसन सगळं त्या बारीतून डोक्यावर घेऊन येतात. आम्ही जो डोंगर सर केला तो त्या हंगामात दर शनिवारी सर करतात, तेही ओझ्यासकट. त्यांना प्रमाणपत्र मिळाल्याचं ऐकिवात नाही.

‘मावशी, इथून काय काय दिसतं?’

‘आत्ता? मी दिसते. चूल दिसते.’

मग त्यांनीच देवीची गोष्ट सांगितली. ‘कळसू कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राह्यली. पन आधी अट घातली, केर काढायची न्हाई, भांडी घासायची न्हाई, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस पाटलाकडं पाव्हनं लई झालं. पाटलानं तिलाच केर काढाया लावला, भांडी घासाया लावली. तशी ती उठली आन् या डोंगरावर येऊन बसली.’ त्यांनी धुक्यात दोन ठिकाणी बोट दाखवलं. भांडी घासली ते थाळेमेळ, केर काढला तो काळदरा.

‘मग?’

‘मग काय दादा? आता पाव्हनं हितंच येत्यात.’

शेवटची शिडी चढून शिखरावर पोचलो. वर देवीचं छोटंसं देऊळ आहे आणि चहूबाजूंनी पांढराशुभ्र शून्य. लीडर तयारीचा होता. त्याने शून्याकडे हात करून सुरुवात केली : ‘हे अलंग, हे मदन, हे कुलंग. तिकडे रतनगड. त्याच्या पलीकडे हरिश्चंद्रगड. खाली भंडारदऱ्याचा जलाशय, प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ सालचं.’ धुकं चारी दिशांना सारखंच होतं, पण त्याला रतनगडाचं धुकं आणि हरिश्चंद्रगडाचं धुकं वेगवेगळं ओळखता येत होतं. आम्ही माना डोलावल्या. एका काकांनी तर ‘वा! काय नजारा आहे!’ अशी दादही दिली. पैसे भरलेल्या माणसाला दिसावंच लागतं.

आणि मग खरंच वारा फिरला. धुक्याला भगदाड पडलं आणि खाली, फार खाली, पाण्याचा एक लांबट तुकडा, भाताची हिरवी खाचरं आणि पलीकडे काळ्या कड्याची धार दिसली. मी झटकन खिशात हात घातला. मोबाइल भिजू नये म्हणून बायकोने तो दुधाच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून दिला होता. ओल्या बोटांनी गाठ सुटेना. दातांनी ओढली. सुटली तेव्हा समोर पुन्हा पांढरं होतं. अर्धा मिनिट सह्याद्री उघडा होता आणि त्यातला बहुतेक वेळ मी दुधाची पिशवी पाहत होतो. बाकीच्यांचं तेही झालं नाही. ते कॅमेऱ्यात स्वतःला नीट बसवण्यासाठी दरीकडे पाठ करून उभे होते.

उतरताना उजेडात रात्री न दिसलेलं सगळं दिसू लागलं. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, फाटलेले रेनकोट, बुटाचा एकटाच राहिलेला सोल. रस्ता चुकण्याची भीती नव्हती. गावात पोचल्यावर प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझ्या नावातली वेलांटी चुकली आहे, पण ‘एव्हरेस्ट’ अचूक लिहिलंय.

नवरात्रात याच डोंगरावर जत्रा भरते. आसपासच्या गावांतली माणसं नवस फेडायला, दर्शनाला चढतात. त्या चढण्याला ती ट्रेक म्हणत नाहीत आणि वरून काय दिसतं म्हणून कुणी पैसे मागत नाही. तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते आणि लीडरने धुक्यात दाखवलेले गड जागच्या जागी उभे असतात. ज्यांना खरोखर काही बघायचं आहे त्यांनी त्यानंतरच्या एखाद्या मधल्या वारी, दिवसाउजेडी जावं. मावशींकडे पिठलं-भाकरी खावी आणि पूर्ण पैसे द्यावेत. घासाघीस करायला आपल्या इथे मंडई आहे.

आणि एवढंच करा, आपला केर आपल्या सॅकमधून खाली आणा. देवीच्या अटी दोनच होत्या आणि त्या मोडल्यावर ती भांडत बसली नाही, उठून निघून आली. पाहुणे आता पुन्हा फार झाले आहेत. या वेळी तिने निघायचं म्हटलं तरी महाराष्ट्रात याहून वर जागा नाही.