गालिच्याखालची अडचण

जुन्या बेडरूमला नवं रूप देण्यात मुंबईकरांचा हात कुणी धरू शकणार नाही. दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतीत विटलेला, पावसाळ्यात कुबट वास मारणारा गालिचा उचलावा, तर खाली निघते नक्षीची सिमेंटची लादी. 1922 साली स्थापन झालेल्या भारत टाइल्सने स्वदेशीच्या काळात हीच लादी घरोघरी नेली. पितळी साच्याच्या एकेका खणात हाताने रंग ओतायचा, वर सिमेंट घालून यंत्राखाली दाबायचं आणि भट्टीत न भाजता पाण्यात मुरवायचं. रंग काही मिलिमीटर आत उतरल्याने पिढ्यांच्या पायांनीही नक्षी सहसा पुसत नाही.

हा तर उघड दोषच. जे झिजतच नाही, ते बदलायचं कधी?

म्हणून सुज्ञ कुटुंब तिच्यावर व्हायनिल अंथरतं. कॅटलॉग चाळता चाळता सगळ्यांचं एकमत होतं ते ‘हेरिटेज’ पानावर. तीच नक्षी, तेच रंग, फक्त छापील. वरचा पारदर्शक थर जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे पुढच्या नूतनीकरणाचीही सोय झाली. गालिच्यासाठी सुताराने दार खालून तासलं होतं. आता उरलेली फट तोच पट्टी ठोकून बुजवतो. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच.

प्लगचा पाइप टाकताना उखडलेल्या दोन लाद्या मात्र फ्रेम करून भिंतीवर टांगल्या जातात. पाहुणे हरखून विचारतात, “अशी लादी कुठे मिळते हो?”

व्हायनिलवर पाय रोवून यजमान हळहळतात, “आता कुठली मिळायला!”