बिनपरवान्याची वाहतूक

ज्या माणसाची उभी हयात जंगलखात्याच्या नाक्यावर सागवानी नगांवरील हातोड्याचे शिक्के तपासण्यात आणि ज्याला आम्ही खात्यात 'टीपी' म्हणत असू त्या वाहतूक परवान्यांचे रकाने भरण्यात गेली, त्याला पेन्शनीत निघाल्यावर असे कळावे की, आपल्याच बरगड्यांच्या आत जन्मापासून अहोरात्र एक प्रचंड वाहतूक चालू असून तिला ना परवाना लागतो, ना पावती, ना तपासनीस, यापरते दैवाचे विडंबन मला तरी ठाऊक नाही.

हे ज्ञान मला सहजासहजी झाले नाही. त्यासाठी चंद्रपुरात राहावे लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण बहाल केले, तेव्हा आमच्या चंद्रपूरने ८३.८८ गुण मिळवून अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या खालोखाल देशात चौथा क्रमांक पटकावला. शालांत परीक्षेत आमच्या घराण्यात कोणालाही एवढे गुण पडल्याचे ऐकिवात नसल्यामुळे प्रथमदर्शनी मला किंचित अभिमानच वाटला. एका बाजूला २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीजकेंद्र, सभोवार कोळशाच्या खाणी, घुग्घुसच्या रस्त्याने धावणारे ट्रक, पलीकडे सिमेंटचे कारखाने आणि वारा अनुकूल असला तर बल्लारपूरच्या कागद गिरणीचा परिमल, असा सगळा सरंजाम असता येथील नागरिकाने केवळ हवा श्वासावाटे घ्यावी, ही अपेक्षाच मुळी संकुचित होय. सकाळी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवून ते दिव्यासमोर धरून पाहण्याचा आमच्या सौभाग्यवतींचा परिपाठ आहे. बोटाच्या काळेपणावरून त्या दिवशी पांढरे धोतर वाळत घालावयाचे की नाही, याचा निवाडा होतो, आणि त्यावर अपील नसते.

तर अशा हवेत वास्तव्य करून खोकला जडल्यावर मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या नाकाला चिमटा लावून तोंडात एक नळी दिली आणि फर्मावले, ''आता नेहमीसारखा श्वास घ्या.'' वाचकहो, नेहमीसारखा श्वास घेणे ही गोष्ट, ती करावयाची आहे हे ठाऊक झाल्याक्षणी, मनुष्यमात्राला अशक्य होते. त्या क्षणापर्यंत ज्या क्रियेकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते आणि जी मिनिटाला बारा-पंधरा वेळा, म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या घरात, बिनबोभाट पार पडत होती, ती आता साहेबांची फेरी आलेल्या कचेरीप्रमाणे गडबडून गेली. कधी श्वास अर्ध्यावरच अडे, तर कधी दोन श्वास एकदम येऊन दाराशी रेटारेटी करीत. ''साहजिकपणे घ्या हो,'' डॉक्टर म्हणाले. साहजिकपणा हुकमाने येत नसतो, हे सांगण्याइतका दम माझ्यापाशी उरला नव्हता.

पुढे त्यांनी मोठ्या सौजन्याने एक तक्ता काढून मला हा कारभार समजावून दिला. छाती आणि पोट यांच्या दरम्यान श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. तो आकुंचन पावून खाली उतरला आणि बरगड्या वर उचलल्या गेल्या, की छातीची पोकळी विस्तारते, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उणा होतो आणि हवा आपल्या पावलांनी आत येते. म्हणजे आपण हवा ओढतो हा आपला निव्वळ अहंकार. आपण फक्त जागा करून देतो. एका खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा येते, परंतु तिच्यातील दीडशे मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या शाखा यांतच रेंगाळून, मुक्कामाला न पोचता आल्या वाटेने परत जाते. खात्यातील अनेक फायलींची यात्रा मी अशीच पाहिली असल्याने मला त्यात नवल वाटले नाही.

नवल पुढे आहे. श्वासनलिका फुटत फुटत जेथे संपते तेथे वायुकोश असतात, आणि त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी. ते सगळे उकलून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर क्षेत्र भरते. एवढी जमीन माझ्या नावावर उभ्या जिल्ह्यात कोठे नाही. फुफ्फुसांतील या क्षेत्राची सात-बारावर नोंद करता येत नाही म्हणूनच त्यावर अद्याप भाऊबंदकी उद्भवलेली नाही. या कोशांच्या भिंतीला लगटून केशवाहिन्यांचे जाळे आहे आणि हवा व रक्त यांच्या दरम्यान जो पडदा उरतो त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दोन हजारावा हिस्सा. हाच तो नाका. येथे प्राणवायू आत शिरतो, कर्बवायू बाहेर पडतो, आणि पाहावे तो नाक्यावर कोणीच नाही! अडसर नाही, दप्तर नाही, 'साहेब जेवायला गेलेत' असे सांगणारा शिपाईसुद्धा नाही. जिकडे दाब अधिक तिकडून जिकडे उणा तिकडे जावयाचे, एवढा एकच कायदा. पाऱ्याच्या मापाने कोशातील प्राणवायूचा दाब शंभर मिलिमीटर आणि येणाऱ्या मलिन रक्तातील चाळीस. तेव्हा तो झरकन रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींतील रक्तरंजक द्रव्याच्या हवाली होतो. कर्बवायूच्या दाबांत तफावत अवघी पाच-सहा मिलिमीटरची. तथापि तो पडद्यातून प्राणवायूच्या वीसपट सुलभतेने पार होत असल्यामुळे तेवढ्यावरही त्याचे भागते. तांबडी पेशी या केशवाहिनीत पाऊण सेकंद असते आणि तिचे काम पाव सेकंदात उरकते. उरलेला अर्धा सेकंद ती काय करते, असे मी डॉक्टरांना विचारले. ''ती शिल्लक धावण्यासाठी ठेवलेली असते,'' ते म्हणाले. माझ्या नाक्यावर एका ट्रकला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात माझ्याच शरीरातून किती मण प्राणवायू बिनपरवाना निसटला असेल, याचा हिशेब मी मुद्दामच केलेला नाही.

या सर्व कारभाराची सूत्रे मेंदूच्या बुडाशी, लंबमज्जेत आहेत, आणि तेथील अधिकाऱ्याचा सारा कटाक्ष प्राणवायूपेक्षा कर्बवायूवर आहे. श्वास रोखून धरला असता जी घुसमट होते ती प्राणवायू संपल्याची नव्हे; कर्बवायू साठल्याची असते. म्हणजे आवक घटली तर हा कारभारी बराच काळ स्वस्थ बसेल, पण गोदामात केर साचू लागला की त्याचे पित्त खवळते. सौभाग्यवतींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या मेजावरील जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाकडे पाहिले, आणि चर्चा तेथेच आटोपली.

श्वास मोजणे हे काम किती नाजूक असते, याचा खरा प्रत्यय मला पुढे गडचिरोली जिल्ह्यात आला. मूल, सावली करीत वैनगंगा ओलांडली, की कोळशाची काजळी मागे राहते आणि चैत्रात मोहफुलांचा वास एसटीच्या खिडकीतून अनाहूत आत येतो. या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८०च्या दशकाअखेर बालकांच्या न्यूमोनियावर प्रयोग केला. न्यूमोनियात वायुकोशांत हवेऐवजी स्राव भरतो, देवघेवीचे क्षेत्र आक्रसते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी श्वासांची संख्या वाढते. दोन महिन्यांखालील अर्भकाचे श्वास मिनिटाला साठ किंवा वर्षाच्या आतल्याचे पन्नास भरले, तर धोका समजावा. पण जेथे डॉक्टर नाही आणि मोजणाऱ्या दाईला बारापलीकडे अंक येत नाहीत, तेथे साठ कोणी मोजावेत? बंगांनी एक साधे यंत्र योजले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी धोक्याच्या तांबड्या मण्याची पाळी आली, तर औषध सुरू. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त आला. उपचाराच्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याच्या आसपास उतरले होते. एवढी मोठी तपासणी, आणि दप्तर म्हणून काय, तर मणी!

एका परिचिताच्या घरी, धानोऱ्याच्या वाटेवर, मी असे मोजणे पाहिले. मूल झोपलेले असावे लागते, रडते किंवा अंगावर पीत असले तर मोजणी बाद. आरोग्यदूत बाईने दुपटे बाजूला केले, घटिका उलटी केली, आणि तिची नजर त्या वितभर छाती-पोटाच्या हालचालीवर जी खिळली ती हलेना. एक मणी सरकला. दुसरा. तिसऱ्या मण्यावर वाळू अर्ध्याहून बरीच खाली गेली होती. चौथ्यानंतर थोडी वाळू उरली आणि ती संपली. तांबड्याला बोट लागले नाही. इतका शिस्तशीर तपासनीस माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला भेटला नव्हता, आणि मुख्य म्हणजे, ज्याची तपासणी झाली त्याला तिचा पत्ताही नव्हता. अन्यथा त्याचीही गत नळी तोंडात धरलेल्या माझ्यासारखीच झाली असती.

''झालं असन तं झाका नं जी त्याले,'' कोपऱ्यातून आजी म्हणाली, आणि मग माझ्याकडे निरखून पाहत तिने विचारले, ''आन तुमी काहून दम धरून बसले जी? तुमचा बी मोजाचा हाये का?''