तुकडा राहू द्या, रस्सा वाढा

"वहिनी, काल गुरुवार होता ना? मग तुमच्या खिडकीतून खिम्याचा वास कसा काय आला?"

कुंपणावरून बोलायचं तर प्रस्तावना कशाला करायची? आमच्या दोन घरांत मेंदीचं कुंपण आहे, कमरेएवढं. त्याला ना वास अडतो, ना आवाज. वहिनी हातातलं धुणं पिळत तशाच पुढं आल्या.

"काकू, तुमचं नाक म्हणजे ना! खिमा कुठला ओ, सोयाबीन होतं ते. लेकानं पुण्याहून पाकीट आणलं. थर्माकोलच्या डब्यात, बर्फ घालून. पाकिटावर हिरवा ठिपका आणि आत खिमा!"

"आणि सासूबाई?"

"तीच तर गंमत झाली."

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे त्यांच्या आत्याबाई, घनसावंगी तालुक्यातल्या, जांब समर्थच्या. रामदास स्वामींचं जन्मगाव ते. पण या पंढरीच्या वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. बाकीचं घर खाणारं. म्हणून त्यांच्याकडं वशाट शिजतं ते मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. त्याचं जर्मनचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. पातेलं बाहेरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेलं असतं, बूड काळंकुट्ट. ते बाहेरच्याच नळावर राखेनं घासायचं आणि परत खिळ्यावर. उंबरा काही त्यानं कधी ओलांडला नाही. रविवारी वहिनींचे यजमान स्वतः लुंगी खोचून चुलीपुढं बसतात, आत सासूबाई हरिपाठ म्हणतात, भाकरी मात्र एकाच तव्यावरच्या, एकाच सुनेच्या हातच्या. कुणी कुणाला काही म्हणत नाही. इतका चोख करार मी कोर्टातसुद्धा पाहिला नाही.

आता या पाकिटानं पंचाईत केली. शिजवायचं कुठं? ठिपका म्हणतो आत, वास म्हणतो बाहेर.

"मी आपली मधोमध उभी," वहिनी सांगायल्या. "लेक म्हणतो, आजी, यात काही नाही, सोयाबीन आहे, ठिपका बघ. आत्याबाई म्हणाल्या, मी काय ठिपका बघून जेवते का? दिसायलंय वशाट, वास वशाटाचा, चवही तशीच म्हणता. जे सोडलं त्याचीच आठवण काढत बसायचं होतं तर माळ कशाला घातली मी?"

"खरंय की."

"शेवटी गॅसवर केलं, आतल्याच कढईत. आत्याबाईंनी काही खाल्लं नाही. दहीभात खाऊन उठल्या. आणि हे? यांनी दोन घास खाल्ले अन् विचारलं, यात नळी कुठंय?"

मला हसू आवरेना. पण नंतर तांदूळ निवडताना तेच मनात घोळत राहिलं. कंपनीवाल्यांनी केवढा खटाटोप केला: रंग आणला, वास आणला, दाताखाली येणारी ती तार आणली. आणि आमच्या शेजारघरात नेमक्या त्याच गोष्टीला एकीनं नको म्हटलं. दुसऱ्याला ती पुरली नाही.

तसं हे खूळ अगदी परकंही नाही. आपल्या मराठवाड्याचेच, लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख, विलासरावांचे चिरंजीव. त्यांनी आणि जेनेलियानं मांसाहार सोडला आणि २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स नावाची कंपनी काढली, वनस्पतीपासून कबाब, खिमा, बिर्याणी करणारी. विराट आणि अनुष्कानंही २०२२ मध्ये ब्लू ट्राइब नावाच्या तसल्याच कंपनीत पैसे घातले. वहिनींकडचं पाकीट या दोघांपैकी कुणाचं नव्हतं, निराळंच होतं. पण लेकाला ही सगळी नावं पाठ.

"मग अमेरिकेचंही विचारा त्याला," हे मध्येच पेपरामागून बोलले. आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचतात म्हणजे कान कुंपणावर असतात. "तिथली बियाँड मीट. २०१९ मध्ये बाजारात आली तेव्हा पंचवीस डॉलरचा शेअर दोन-तीन महिन्यांत दोनशे तीसच्या वर गेला होता. २०२५ मध्ये एका डॉलरच्या खाली आला. लोकांनी एकदा हौसेनं घेतलं, परत काही घेतलं नाही."

यांचा जन्म बियाण्याच्या धंद्यात गेला. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये इथं महिको काढली, तेव्हापासून जालन्यात दर दुसऱ्या घरातला माणूस वाणावर आणि उगवणशक्तीवर व्याख्यान देऊ शकतो. यांनीही दिलं. सोयाबीनचं आधी तेल काढतात. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, प्रथिनं चाळीसच्या आसपास. तेल गेलं की पेंड उरते, तिचं पीठ करायचं, पाणी घालून उष्णतेत आणि दाबाखाली यंत्रातून दाबून काढायचं, की फुगून त्याच्या वड्या होतात. तेच आणखी बेतानं केलं, रंग-वास घातला, की मटण.

"म्हणजे आपल्या भाजीतल्या सोयाबीनच्या वड्याच की!" वहिनी म्हणाल्या. "मग एवढं पाव किलोला दोनशेच्या वर पैसे कशाचे?"

इथं त्यांचा आवाज चढला, आणि चढायलाच हवा होता. त्यांच्या दिरांचं मंठ्याकडं सोयाबीन आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसानं अर्धं रानातच काळं पडलं. तेव्हा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. मोंढ्यात नेलं तर ओलावा दाखवून त्याच्याही खाली मागितलं.

"भाऊजींना सांगते, सोयाबीन विकू नका, खिमा विका!"

वड्यांची गोष्ट निघाली तर सांगते, आमच्याकडं त्या होतात. आमचं घर न खाणारं, अंडंसुद्धा उंबऱ्याआत येत नाही. गरम पाण्यात मीठ टाकून वड्या भिजवायच्या, फुगल्या की तळहातात धरून पिळायच्या. पहिलं पाणी फेसाळ निघतं, त्याला कच्चट वास असतो. दोनदा, तीनदा धुऊन घट्ट पिळल्या तरच मसाला आत जातो. न पिळता टाकलेली वडी म्हणजे रश्श्यात बुडालेला स्पंज. पाकिटावर शंभर ग्रॅमला बावन्न ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात, ती कोरड्या वडीची. भिजून तिप्पट झाल्यावर घासागणिक हिशोब मटणाच्याही खाली येतो, हे कुणी लिहीत नाही. प्रथिनांसाठीच खायचं तर आपली बदनापूरची तूर काय वाईट आहे? तिथल्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११, पांढरी. वरणाला तशी चव दुसऱ्या डाळीची नाही. हे माझं मत, भांडायला या.

न खाणारं घर म्हटलं खरं. पण आमचा मुलगा संभाजीनगरला नोकरीला आहे, तो बाहेर खातो. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. २०१४ मध्ये सरकारनं नमुना पाहणी केली होती, त्यात महाराष्ट्रात दहातले सहा खाणारे आणि चार न खाणारे निघाले. आमच्या दारात विचारायला आले असते तर मीही सगळ्यांना न खाण्यात सांगितलं असतं. समोर सासरे बसले असताना दुसरं काय सांगणार?

"आणि खाणाऱ्यांना तरी कुठं रोज खायला मिळतं ओ," वहिनी बोटांवर मोजायला लागल्या. "सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही मटणाचा भाव बघून शुक्रवारचं कोंबडीवर जातं आणि बुधवारचं अंड्यावर."

अंड्यावरून त्यांना नातीची शाळा आठवली. जिल्हा परिषदेची. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या लेकरांना केळं. त्यावरही केवढा गलका झाला, अंडं नको म्हणून. मग जानेवारी २०२५ मध्ये त्याचे वेगळे पैसेच बंद झाले, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. "माझी नात अंड्याच्या दिवशी न उठवता उठायची," वहिनी म्हणाल्या. मी न खाणारी आहे, तरी सांगते, ते अंडं बंद व्हायला नको होतं. ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा डाळ घट्ट होते, त्यांच्या ताटातलं अंडं बघून आपला धर्म बुडत असेल तर तो आपल्यापाशी सांभाळावा.

"आणि ते पंधरा ऑगस्टचं?"

"हां, संभाजीनगरचं!" २०२५ मध्ये तिथल्या महापालिकेनं पंधरा ऑगस्टला, गोकुळाष्टमी म्हणून, मांसविक्री बंद ठेवायला सांगितली. कल्याण-डोंबिवलीतही तसाच हुकूम निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनीही ही बंदी बरी नव्हे म्हटलं, आणि तिथले माजी खासदार इम्तियाज जलील यांनी तर त्या दिवशी घरी बिर्याणीची पार्टीच ठेवली. वहिनी म्हणाल्या, "मी गोकुळाष्टमीला करतच नाही. पण साहेबानं सांगितल्यावर मला करावंसं वाटलं बघा!"

मला तर वाटतं, आपल्याकडं कोण काय खातो याची फारशी अडचण कधी नव्हतीच. अडचण असते ती भांडं कुठलं, दिवस कुठला, आणि पंगत कुणाची याची. आणि ती आपल्या लोकांनी कधीच सोडवून ठेवली आहे. कंदुरीचंच घ्या. नवस फेडायला सैलानीला नाहीतर गावच्या दर्ग्याला बोकड नेतात. त्यात हिंदूंची घरंही किती! सगळं गाव जेवायला. आणि त्याच मांडवात माळकऱ्यांची, न खाणाऱ्यांची गोडाची पंगत वेगळी. मी वहिनींकडच्या कंदुरीला दरवेळी जाते. माझ्या ताटात येसर असतं.

येसर म्हणजे गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरं, लवंग सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं पीठ. डाळ लवकर करपते म्हणून ती शेवटी आणि मंद आचेवर. उकळत्या फोडणीच्या पाण्यात हे पीठ सोडलं की आमटी दाट होते, वर लालभडक तर्री. भाकरी कुस्करून त्यात बुडवायची, नाकातून पाणी येतं. वहिनींच्या घरी हेच येसर बोकडाच्या हंड्यातही पडतं आणि आमच्या हंड्यातही. त्यांच्या हंड्यात तुकडे, आमच्यात नाहीत, एवढाच फरक. शेजारी शेजारी बसून दोघंही सारखंच सुरकायचं.

पुणे जिल्ह्यात जुन्नरकडं मासवडी करतात, बेसनाची, माशाच्या आकाराची, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. तिला मासा समजून कुणी फसत नाही, आणि फसवायचं कुणाच्या मनातही नसतं. आपल्या लोकांनी तुकडा सोडला, रस्सा राखला. पाकीटवाल्यांनी उलटं केलं: तुकडा हुबेहूब बनवला आणि मसाला कसला, तर पिझ्झ्यावर भुरभुरतात तसला!

"काकू, कंदुरीवरून आठवलं," वहिनी म्हणाल्या, "येत्या रविवारी आमच्या नणंदेकडं आहे, जाफराबादला. तुम्हाला यायचंच आहे. अन् तुमच्याकडं येसर असेल तर शेरभर द्या, माझं संपलंय."

"देते की. कालचा खिमा उरलाय का? यांना चाखून बघायचाय म्हणे."

"कुठला उरतोय! लेकानंच सकाळी पोळीत गुंडाळून संपवला. आणि जाता जाता बापाला सांगून गेला, रविवारी नळी मला ठेवा म्हणून."