तोरणमाळचा समुद्रकिनारा

उघड्यावर स्वयंपाक करण्याची आणि अंगणात सावली धरण्याची जी साधने अलीकडे दुकानांच्या काचेआड मांडलेली दिसतात, त्यांचे सारे वाङ्मय एकाच घराला उद्देशून लिहिलेले असते. हे घर उन्हात न्हालेले असते, त्याच्या ओट्यापुढे निळे पाणी पसरलेले असते, घरमालक पांढऱ्या सदऱ्याला डाग न पाडता चिमट्याने मासा उलटत असतो आणि मालकीणबाई एका कडेच्या खांबाला लटकलेल्या छत्रीखाली काहीही न करता बसलेल्या असतात. विक्रेत्यांच्या परिभाषेत या घराला ‘कोस्टल होम’, म्हणजे किनाऱ्यावरचे घर, अशी संज्ञा आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र हे घर नसून, या घरासाठी छापलेला कॅटलॉग नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, तोरणमाळच्या घाटाची वळणे घेत वर चढला की काय होते, हा आहे.

तोरणमाळ हे सातपुड्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवरचे पठार आहे, आणि ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द हाच त्याचा समुद्राशी असलेला एकमेव संबंध आहे. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचे मंदिर आणि महाशिवरात्रीला तिथे लोटणारी यात्रा यांसाठी हे स्थळ प्रसिद्ध आहे. सर्वांत जवळचे खारे पाणी खंभातच्या आखातातले, आणि तेही कावळा सरळ उडाला तरी दोनशे किलोमीटरच्या आसपास. हे अंतर बाजारशास्त्राला मान्य नाही. ऊन आणि पर्यटक या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे समुद्र असतोच, आणि दिसत नसेल तर तो ओहोटीला गेलेला असतो, असे या शास्त्राचे गृहीतक आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी पठारावर एक विश्रामगृह कल्पिण्यास हरकत नाही. त्याच्या मालकाने शहाद्याहून टेम्पो भरून सामान मागवले असून त्यात झाकणाची गॅस शेगडी, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, एका बाजूच्या खांबाची मोठी छत्री, त्रिकोणी शिडासारखे ताणायचे कापड आणि ‘पर्गोला’ नावाचा, छप्पर विसरलेल्या छपराचा सांगाडा, एवढ्या वस्तू आहेत. प्रत्येक खोक्यावर नांगराचे चित्र आणि ‘सागरी दर्जा’ अशी मोहोर आहे. खोकी उतरवणारा टेम्पोवाला ते चित्र निरखून, “आठे समुद्र कोठे शे, भाऊ?” असे विचारतो. साधननिवडीच्या शास्त्रातला हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न असून तो विचारण्याचे मानधन त्याला भाड्यात धरून मिळालेले नसते.

सागरी दर्जा ही संज्ञा थोडी उलगडून पाहिली पाहिजे. भांड्यांच्या बाजारात ज्याला ३०४ म्हणतात त्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर प्राणिदाचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि तोच गंजाला आड येतो. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी कुरतडते आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडू लागतात. यावर उपाय म्हणून ३१६ या जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात, ज्याचा उच्चार अवघड आणि किंमत त्याहून अवघड आहे. मिठाचे कण किनाऱ्यापासून थोडे आत आले की झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे वेंगुर्ल्यातल्या किंवा मुरूडच्या ऐन किनाऱ्यावरच्या घराला ही जात घेणे शहाणपणाचे ठरते. तोरणमाळच्या हवेत क्लोराइड मिसळण्याचा एकच ज्ञात मार्ग आहे, तो म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मक्याच्या कणसावर कोणी मीठ-लिंबू चोळत असताना वारा सुटणे. एवढ्याशा धोक्यासाठी अख्खी शेगडी ३१६ ची घेणे म्हणजे शिंक येईल म्हणून पुराचा बंधारा बांधणे होय.

येथे असा आक्षेप संभवतो की तोरणमाळला नाही तरी निदान कोकणाला हा कॅटलॉग लागू पडत असेल. शाळेच्या भूगोलात ७२० किलोमीटर म्हणून पाठ करवून घेतलेली किनारपट्टी महाराष्ट्राला आहे, आणि तिच्यावर राहणारी माणसे उन्हात जेवण रांधत आणि सावलीत जेवत आलेली आहेत. परंतु कोकणातल्या जुन्या घराकडे पाहिले असता असे आढळते की त्याने गंजाशी लढाई कधी केलीच नाही. गंजेल असे फारसे काही त्याने जवळ ठेवले नाही. भिंत जांभ्या दगडाची, छप्पर कौलांचे, आणि पाऊस सरला की अंगणात उभा राहणारा माटव पोफळीच्या किंवा बांबूच्या खांबांवर नारळीच्या झावळ्या अंथरून केलेला. पुढच्या पावसाआधी तो उतरवतात, कुजके ते चुलीत किंवा परसात जाते आणि पुढल्या वर्षी झाड नव्या झावळ्या देते. हमीपत्र देणारा कारखाना दारातच उभा असल्यामुळे ते छापावे लागत नाही. उघड्यावरच्या स्वयंपाकाचीही तीच गोष्ट. रायगडात थंडीत लावतात ती पोपटी म्हणजे मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा आणि ऐपतीप्रमाणे अंडी किंवा कोंबडी भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करणे. तिला ना तापमापक लागतो ना काचेची खिडकी. जाळ पुरे झाला की नाही, हे मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ऐकू येते. म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी कॅटलॉग लिहिला तो किनारा कोकणाचाही नव्हे. तो कुठला आहे हे खोक्यावरच्या चित्रातील माणसाच्या पायांतल्या चपलांवरून ओळखावे लागते.

तोरणमाळला निसर्गाने वेगळे प्रश्न घातले आहेत आणि त्यांचा कॅटलॉगात उल्लेख नाही. पहिला वाऱ्याचा. सीताखाईच्या कड्यावर उभे राहिले की खालून वर येणारा वारा अंगातला सदरा फुगवतो. तोच वारा तीन मीटर व्यासाच्या छत्रीखाली शिरल्यावर काय करील हे समजण्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. बाजूखांबी छत्रीचा सारा भार तिच्या पायाने एका अंगाला तोलायचा असतो, त्यामुळे पायात वाळूच्या किंवा काँक्रीटच्या जड फरशा भरतात, आणि वारा सुटला की छत्री मिटावी अशी सूचना बारीक अक्षरांत देतात. पठारावर ही सूचना तंतोतंत पाळणाऱ्याला छत्री उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शेगडीचेही तसेच: झुळूक आली की जाळ विझतो, झाकण लावले की दिसत नाही, आणि शेवटी तिच्या तीन बाजूंनी पत्रा उभा करावा लागतो, म्हणजे चुलीच्या आळ्यापर्यंत माणूस पुन्हा येऊन पोहोचतो.

दुसरा प्रश्न उन्हाचा आणि तो फसवा आहे. सपाटीपासून हजार मीटर वर आल्यावर हवा सहाएक अंशांनी गार लागते, त्यामुळे ऊनही सौम्य असेल असा समज होतो. प्रत्यक्षात दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा १० ते १२ टक्क्यांनी वाढत जातो. जो पर्यटक शहाद्याला सावली शोधत होता तो इथे हौसेने उन्हात बसतो आणि संध्याकाळी नाकाची साल सोलत परततो. कापडाची निवड म्हणूनच खरी महत्त्वाची. साध्या छापील कापडाला रंग वरून लावलेला असतो. ‘सोल्यूशन डाइड’ म्हणतात त्या कापडात धागा ओतण्याआधीच द्रवात रंग मिसळतात. एक रंगवलेली सुपारी, दुसरे हळकुंड, जे मोडले तरी आत पिवळेच निघते. कल्पित मालकाने धातूत सागरी दर्जा घेऊन पैसे संपवले असल्यामुळे कापड अर्थातच सुपारीच्या जातीचे आलेले असते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात निळ्या छत्रीचा रंग धुतलेल्या धोतरासारखा होतो.

जाता जाता एवढेही नोंदवले पाहिजे की या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून उघड्या पातेल्यातली डाळ खालच्यापेक्षा सावकाश शिजते. झाकणावर तापमापक बसवलेल्या शेगडीला याची वार्ता नसते. पठारावर डाळ शिजवणाऱ्या बाईला ती तापमापकाशिवाय असते.

त्याच विश्रामगृहाच्या कुंपणापलीकडे एखाद्या पावरा कुटुंबाचे अंगण असते आणि तिथे याच दोन प्रश्नांची उत्तरे उभी असतात. जमिनीत रोवलेल्या मेढींना वर नैसर्गिक बेचके असते, त्यात आडवे बांबू बसतात, त्यांवर सागाची, आंब्याची किंवा जांभळीची डहाळी पसरतात, आणि याला मांडव म्हणतात. त्याचे तंत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. पानांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, जी पत्र्याखाली किंवा ताणलेल्या कापडाखाली कोंडते. वाऱ्याला उचलून धरायला सलग पृष्ठभाग सापडत नाही, त्यामुळे तो पानांतून सळसळत निघून जातो आणि मांडव जागेवर राहतो. मांडवाच्या कडेला तीन दगडांची चूल असते. वाऱ्याने दिशा बदलली की एक दगड सरकवतात आणि चुलीने तोंड फिरवले असे होते. गॅस शेगडीला याच कामासाठी चार चाके, दोन ब्रेक आणि एक पुस्तिका लागते. कॅटलॉगात ‘साइड बर्नर’ म्हणून जे अधिक पैसे घेऊन देतात, त्याला मराठी चुलीच्या शेजारी वैल हे नाव फार पूर्वीपासून असून मोठ्या जाळाच्या उरल्या धगीवर कालवण गरम ठेवणे हे तिचे काम आहे. खाली खानदेशातल्या सपाटीवर तर उघड्यावरच्या स्वयंपाकाचे शास्त्र याहूनही पुढे गेलेले आहे: पालथ्या खापरावर हातभर पसरलेली पुरणाची पोळी, आणि थंडीत पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत. यांपैकी एकही पदार्थ ३१६ च्या जाळीवर जमत नाही, हा धातूचा दोष मानता येणार नाही.

सावलीबद्दलचे अज्ञान खानदेशाला चिकटवणेही अन्यायाचे होईल. शहाद्याकडचा शेतकरी पपईच्या रोपाला उन्हाळ्यात कापडी आच्छादन घालतो, रोपवाटिकेसाठी शेडनेट घेताना ५० टक्क्यांचे की ७५ टक्क्यांचे हे विचारतो, म्हणजे किती ऊन अडवायचे आणि किती येऊ द्यायचे याचा हिशेब रोपागणिक मांडतो. पर्यटकाच्या टाळूसाठी मात्र असा हिशेब कोणी मागत नाही; तिथे फक्त रंग कोणता हे विचारतात.

आणि मुळात सावलीच हवी, हे तरी कोणी ठरवले? धडगाव परिसरात उन्हाळ्याच्या दिवसांत कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी करून उन्हात पसरतात आणि त्यांचा आमचूर होतो. अंगणात, खडकावर, मिळेल त्या कोरड्या जागी या फोडी पांढऱ्या पडत जातात, आणि घरातल्या बाया आकाशाकडे पाहत असतात, कारण अवेळी पावसाची एक सर आली तरी फोडी काळवंडतात आणि भाव पडतो. खाली नंदुरबारला लाल मिरचीच्या पथारी अशाच उघड्या उन्हात पसरलेल्या असतात. येथे ऊन हा बिनपगारी मजूर आहे आणि त्याच्यावर छत्री धरणे म्हणजे त्याला सुट्टी देणे. उन्हालाच स्वयंपाकाला लावायचे असेल तर राज्यात त्याचाही दाखला आहे: शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ अंतर्वक्र तबकड्या बसवून त्यांच्या उष्णतेने वाफ आणि वाफेवर हजारोंचे जेवण, अशी व्यवस्था उभारली गेली. त्या तबकड्यांवर कोणी पर्गोला घातल्याचे ऐकिवात नाही.

कल्पित विश्रामगृहाची कथा आता पुढे नेता येईल. छत्री पहिल्या वावटळीत एकदा आडवी झाल्यावर आणि तिचे कापड विटू लागल्यावर मालकाने शेजारच्या कुटुंबाकडून रोजंदारीवर एक मांडव घालून घेतला आणि उन्हापासून जपण्यासाठी छत्री मिटून त्या मांडवाखाली ठेवली. पाहुणे मांडवाखालीच बसतात, छत्रीचा पाया टेकायला बरा पडतो. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा दुपारी इतका तापतो की त्याला हात लावता येत नाही, म्हणून वैशाखात स्वयंपाकाच्या बाई त्यावर फडके टाकून घरच्या कैऱ्यांच्या फोडी वाळवतात. संपूर्ण संचात सर्वाधिक समाधानकारक कामगिरी या ओट्याची आहे.

आडव्या झालेल्या छत्रीची भरपाई मिळावी म्हणून व्यवस्थापकाने हमीपत्राचा अर्ज भरला. त्यात ‘समुद्रापासून अंतर’ असा एक रकाना होता. व्यवस्थापक प्रामाणिक असल्यामुळे त्याने नकाशावर मोजून दोनशे असे लिहिले. रकान्याच्या शेवटी ‘मीटर’ हा शब्द आधीच छापलेला होता. महिन्याभराने उत्तर आले की वाऱ्याने झालेली हानी हमीत बसत नाही, तथापि जागा समुद्राच्या इतक्या निकट असल्याने गंजाची हमी टिकवायची असेल तर सर्व धातूचे भाग आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणे बंधनकारक आहे. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी एक पोऱ्या यशवंत तलावावरून दोन हंडे पाणी आणतो आणि शेगडीवरचे समुद्राचे मीठ धुऊन काढतो.