टाकीत पाणी किती, हे गुपित

सोसायटीच्या टाकीत आता सेन्सर बसला आहे. पाणी किती उरलं ते मोबाइलवर दिसतं. कोणाच्या मोबाइलवर, यावर मात्र सर्वसाधारण सभेत रण माजलं. अध्यक्ष म्हणाले, फक्त कमिटीच्या. खजिनदारांची पुस्ती : थकबाकीदारांना पाणी बघण्याचाही हक्क नाही. अखेर पासवर्ड गुप्त ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. तो गुप्त पासवर्ड सध्या वॉचमनच्या केबिनमध्ये, टँकरवाल्याच्या नंबराखाली, स्केचपेनने लिहून चिकटवलेला आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्यालाही तोच. त्यामुळे केव्हाच घर सोडून गेलेला भाडेकरू आजही आपल्याकडे कोण आलं-गेलं ते निवांत बघू शकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मालकाला परवानगी नाही, कारण त्याचा मेंटेनन्स थकलाय.

अशी बेफिकिरी कुठवर नेते, ते पाहा. 2016 साली 'मिराय' या मालवेअरने कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले साठेक पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स आडवे झाले. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

तेव्हा कमिटीला हात जोडून विनंती : पाण्याची पातळी सगळ्यांना दिसू द्या, पंपाचं बटण मोजक्यांच्या हाती ठेवा. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. भाडेकरू घराची किल्ली परत देईल त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा. ठराव सवडीने करा. आधी केबिनमधला तो कागद फाडा आणि पासवर्डही बदला.