आकडे कुणाच्या बापाचे?

जानेवारी 2020. शांघायच्या विमानतळावर विमान निघायच्या बेतात होतं. चिनी विषाणुशास्त्रज्ञ झांग योंगझेन पट्टा बांधून बसले होते आणि फोन वाजला. पलीकडे सिडनीहून त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ एडवर्ड होम्स. वुहानहून आलेल्या नमुन्यातून झांग यांच्या गटाने नव्या कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम 5 तारखेलाच वाचून काढला होता. पण परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. होम्सना तो क्रम जगासमोर ठेवायचा होता. झांग यांनी विचार करायला मिनिटभर मागितलं आणि होकार दिला.

11 जानेवारीला सुमारे 30,000 अक्षरांचा तो क्रम सगळ्यांना फुकट मिळाला. दुसऱ्याच दिवशी झांग यांच्या प्रयोगशाळेला ‘सुधारणे’च्या नावाखाली टाळं लागलं. तोवर काम झालं होतं. 13 जानेवारीला मॉडर्ना कंपनीच्या लसीचा आराखडा पक्का झाला आणि 16 मार्चला सिएटलमध्ये ती पहिल्यांदा माणसाला टोचली गेली. सुरुवात करायला विषाणू हातात असावा लागला नाही, अक्षरं पुरली.

झांग यांना सलाम. पण जगाचा जीव एका माणसाच्या हिमतीवर टांगलेला असणं बरं नव्हे. मानवी जनुकसंच वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये बर्म्युडात बसून ठरवलं होतं, की वाचलेला क्रम 24 तासांत खुला करायचा. कुणाची मर्जी सांभाळायची गरजच ठेवली नाही. असा नियम हवा.

आपल्याकडे काय झालं? एप्रिल 2021 मध्ये स्मशानांत रांगा लागल्या होत्या, तेव्हा देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर आवाहन करावं लागलं: आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) कोरोना चाचण्यांची जी माहिती आहे, ती आम्हाला अभ्यासाला द्या. याच देशातले, याच देशासाठी राबणारे लोक ते! दुसरीकडे काही स्वयंसेवक राज्याराज्यांची कोरोनाची पत्रकं गोळा करत होते. कुठे पीडीएफ, कुठे नुसता फोटो. त्यातला एकेक आकडा ते हाताने टाइप करून सर्वांसाठी खुला ठेवत होते. देशभरातले अभ्यासक त्या तक्त्यांवर विसंबले. हे काम सरकारचं होतं.

हवेचंही तेच. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची यंत्रणा उभी केली, ती पुण्या-मुंबईत चालते. केंद्रीय प्रदूषण मंडळाचे आकडेही संकेतस्थळावर दिसतात. चांगलंच आहे. पण हवा बिघडली त्या आठवड्यात आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यांत दम्याचे, खोकल्याचे किती रुग्ण आले? हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघण्याची सोय सामान्य नागरिकाला नाही. शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय हवेतल्या धुळीची किंमत कोण मोजतंय, ते कळणार कसं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: रुग्णांची गोपनीयता. ती जपलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती सबब होऊ शकत नाही, हे अमेरिकेत सिद्ध झालं आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या 8,111 प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवला. 1993 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की सगळ्यात स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा सगळ्यात घाणेरड्या हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण 26 टक्क्यांनी जास्त होतं. उद्योगांनी ओरड केली, कच्ची माहिती आमच्या हाती द्या. तिच्यात माणसांची खासगी माहिती होती आणि ती उघड न करण्याचा शब्द संशोधकांनी दिलेला होता. तो त्यांनी मोडला नाही, पण माहिती दडवूनही ठेवली नाही. हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने नेमलेल्या त्रयस्थ गटाला ती सगळी तपासायला दिली. 2000 मध्ये त्या गटाचा निकाल आला: निष्कर्ष बरोबर आहेत.

म्हणजे मार्ग आहे. नावं काढा, पत्ते काढा, वॉर्डनिहाय रोजचे आकडे द्या. जिथे रुग्ण इतके थोडे, की माणूस ओळखू येईल, तिथे आठवड्याचे एकत्र द्या. मोजता येतील अशा तक्त्यात द्या, स्कॅन केलेल्या कागदात नकोत. सरकारी माहिती वाटून घेण्याचं राष्ट्रीय धोरण 2012 पासून आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर 2005 पासून सांगतंय, की सरकारी कार्यालयांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, नागरिकाच्या अर्जाची वाट बघू नये. छातीत भरणारी धूळ आमची, दवाखाना आमच्या करातून चालणारा, मग आकडे दुसऱ्या कुणाचे कसे?

तुमच्या महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला या आठवड्यात एक पत्र लिहा. मागच्या हिवाळ्यातले श्वसनविकारांचे वॉर्डनिहाय आकडे मागा, आणि ते संकेतस्थळावर का नाहीत, तेही विचारा.